पिवळा टोमॅटो : वाण, नाव आणि घरचे बी

टोमॅटो म्हटला की तो तांबडा, हे मराठी वाचकाने इतके गृहीत धरले आहे की 'पिवळा टोमॅटो' हा शब्दप्रयोग ऐकताच तो फळ कच्चे आहे असे समजतो, किंवा त्यावर रोग पडला आहे असे मानतो. नारायणगाव आणि पिंपळगाव बसवंत येथील मोठ्या बाजारांत तांबड्या, टणक आणि दूरच्या प्रवासाला टिकणाऱ्या फळालाच भाव मिळतो. पिवळ्या फळांचे जुने वाण त्यामुळे बाजारातून जवळजवळ बाहेरच राहिले. त्यांना आश्रय मिळाला तो परसबागेत, आणि आता गच्चीवरील कुंड्यांत. पनवेल तालुक्यातील विचुंबे हे नवीन पनवेलला लागून असलेले गाव. अशा गावांत भातखाचरांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, आणि अंगणातील वाफ्याची जागा गच्चीने व सज्जाने घेतली. अशा ठिकाणी पिवळा टोमॅटो लावायचा तर वाण कोणता, तो शुद्ध आहे हे कशावरून, त्याचे बी पुढच्या वर्षी कसे राखावे आणि त्याला कोणत्या नावाने ओळखावे, असे चार प्रश्न उभे राहतात. पहिले तीन वनस्पतिशास्त्राचे आणि चौथा भाषेचा वाटतो. परंतु हे चारही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. नावातील सोने

टोमॅटोचे मूळ अमेरिका खंडातील. मेक्सिकोच्या नाहुआत्ल भाषेत 'तोमात्ल' हा शब्द गरगरीत, रसाळ फळांच्या एका वर्गासाठी होता, आणि आज आपण ज्याला टोमॅटो म्हणतो त्याला 'शितोमात्ल' असे जोडनाव होते. स्पॅनिश लोकांनी त्यावरून 'तोमाते' केले, पोर्तुगीजांनी तेच रूप स्वीकारले आणि इंग्रजीत त्याला अंत्य 'ओ' जोडला गेला. इटलीत मात्र निराळेच घडले. सिएना येथील वैद्य पिएत्रो आंद्रेआ मात्तिओली याने १५४४ साली या फळाचे वर्णन केले, तेव्हा ते पिकल्यावर सोन्याच्या रंगाचे होते असे नोंदविले. १५५४ च्या आवृत्तीत त्याने त्याला 'सोन्याची सफरचंदे' या अर्थाचे नाव दिले आणि तांबड्या फळांचाही उल्लेख केला. इटालियन भाषेतील 'पोमोदोरो' हा शब्द या नावाचाच वंशज होय. पुढे इटलीत तांबडा टोमॅटो सर्वत्र झाला, पण शब्दातील सोने तसेच राहिले. वस्तू बदलली तरी नाव पूर्वस्थितीची साक्ष देत राहते, याचे हे सुबोध उदाहरण आहे. पिवळा टोमॅटो ही अलीकडची विलायती टूम नव्हे, हेही त्यावरून सिद्ध होते.

मराठीत हे फळ एकाच वाटेने आलेले दिसत नाही. 'टोमॅटो' हे रूप इंग्रजीचे ऋण उघड सांगते. गोव्याकडील कोकणीतले 'टमाट' पोर्तुगीज रूपाला जवळचे आहे. विदर्भात 'भेदरे' हा सर्वस्वी निराळा शब्द बोलीत नांदतो, तर 'वेलवांगी' या नावात नवागताला जुन्या कुळात बसविण्याचा प्रयत्न दिसतो. हा प्रयत्न शास्त्रदृष्ट्याही चुकीचा नव्हता, कारण वांगे आणि टोमॅटो एकाच कुळातील आहेत. लिनियसने १७५३ साली टोमॅटोला वांग्या-बटाट्याच्याच 'सोलॅनम' प्रजातीत ठेवले होते. फिलिप मिलरने १७५४ मध्ये त्याची 'लायकोपर्सिकॉन' ही प्रजाती वेगळी काढली आणि ती व्यवस्था दोनशेहून अधिक वर्षे चालली. जनुकीय अभ्यासानंतर विसाव्या शतकाच्या अखेरीस शास्त्रज्ञ पुन्हा लिनियसच्या नावाकडे वळले.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. 'टोमॅटो' हा शब्द विभक्तिप्रत्यय घेताना बदलत नाही : टोमॅटोचा, टोमॅटोला. ग्रामीण बोलीतील 'टमाटं' मात्र सामान्यरूप घेते : टमाट्याचं, टमाट्याला. म्हणजे पहिला शब्द अजून पाहुणा आहे, तर दुसरा मराठीच्या घरात रुळला आहे.

२. पिवळेपणाची कारणे

पिवळ्या रंगाचा एकच अर्थ नसतो. बागेतील पिवळे फळ निदान तीन कारणांनी पिवळे असू शकते आणि त्यांची गल्लत केल्यास बी राखण्याचे श्रम वाया जातात.

पहिले कारण वाणाचे. टोमॅटोच्या गराला तांबडा रंग देणारे द्रव्य म्हणजे लायकोपीन. ते तयार होण्याच्या साखळीत आरंभी फायटोईन सिंथेज नावाचे विकर लागते. फळात हे विकर घडविणारे जनुक तिसऱ्या गुणसूत्रावर आहे. ते निकामी झाले की लायकोपीन जवळजवळ तयारच होत नाही आणि गर पिवळा राहतो. हा गुण अप्रभावी आहे. म्हणजे आई आणि बाप या दोघांकडून तो आला तरच फळ पिवळे होते. सालीचा रंग मात्र पहिल्या गुणसूत्रावरील दुसऱ्या जनुकाच्या अधीन असतो. साल पिवळी आणि गर पिवळा असेल तर फळ सोनेरी दिसते. साल रंगहीन आणि गर पिवळा असेल तर ते फिकट, लिंबाच्या छटेचे दिसते. सालीचा तुकडा सोलून उजेडात धरला असता हा भेद कोणालाही पाहता येतो. नारिंगी फळांची कथा याहून वेगळी. त्यांतील काहींत लायकोपीनचे रूपच बदललेले असते, तर काहींत त्याचे बीटा-कॅरोटीनमध्ये रूपांतर झालेले असते. 'पिवळा' आणि 'नारिंगी' हे शब्द व्यवहारात सैलपणे वापरले, तर दोन निराळे वंश एकाच चिठ्ठीखाली जातात.

दुसरे कारण हवेचे. सुमारे ३० ते ३२ अंश सेल्सिअसच्या वर तापमान सतत राहिले की लायकोपीन तयार होण्याची क्रिया मंदावते, पण पिवळी द्रव्ये तयार होत राहतात. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत तांबड्या वाणाचे फळही पिवळट-नारिंगी राहते. अशा फळाचे बी 'पिवळा टोमॅटो' म्हणून राखले, तर पुढच्या हिवाळ्यात त्यातून तांबडी फळे येतील.

तिसरे कारण रोगाचे. २०२० च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातील काही टोमॅटो-उत्पादक भागांत फळांवर पिवळे डाग व पट्टे उमटले आणि फळे पिकेनाशी झाली. विषाणूच्या या प्रकोपाला शेतकऱ्यांच्या व वृत्तपत्रांच्या तोंडी 'तिरंगा' हे नाव पडले, आणि नमुने बेंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेकडे तपासणीस गेले. बाजारातील पिवळ्या फळाविषयीचा संशय अशा अनुभवांतून आलेला आहे. तो निराधार नाही.

मराठी भाषेने हा द्वैतभाव आधीच टिपून ठेवला आहे. आंबा 'पिवळाधमक' झाला म्हणजे तो उत्तम पिकला. पण झाड 'पिवळे पडले' म्हणजे ते आजारी आहे. 'पिकणे' आणि 'पिवळा' हे शब्द कानाला सजातीय वाटले तरी त्यांचे मूळ भिन्न आहे. पहिल्याचे मूळ 'पक्व' आणि प्राकृत 'पिक्क', तर दुसऱ्याचे 'पीत' आणि प्राकृत 'पीअल'. पिवळ्या टोमॅटोच्या बाबतीत माळ्याला हाच फरक डोळ्यांनी नव्हे तर बोटांनी करावा लागतो. गडद झालेला रंग, किंचित मऊपणा आणि देठाच्या सांध्याशी सहज सुटणे, या तिन्ही खुणा जुळल्या म्हणजे फळ पिकले असे समजावे.

पिवळा टोमॅटो कमी आंबट असतो, अशी सार्वत्रिक समजूत आहे. आंबटपणा वाणावर अवलंबून असतो, रंगावर नव्हे. काही पिवळ्या वाणांत साखरेचे प्रमाण अधिक असल्याने आंबटपणा झाकला जातो, इतकेच.

३. 'गावठी' शब्दाचा अर्थ

पिढ्यान्पिढ्या बी राखून चालत आलेल्या वाणाला इंग्रजीत 'हेअरलूम' म्हणतात. मूळ अर्थ घराण्यात वारशाने आलेली वस्तू. या संज्ञेची कालमर्यादा सर्वमान्य नाही : कोणी ५० वर्षे धरतात, कोणी १९५१ पूर्वीचे वाण धरतात. दोन गोष्टींवर मात्र एकमत आहे. वाणाचे परागण मुक्त असावे, आणि त्याच्या बियांपासून तोच वाण पुन्हा मिळावा. संकरित बियाणे ही दुसरी अट पाळू शकत नाही. जपानच्या तोकिता कंपनीचे 'सनगोल्ड' हे नारिंगी-पिवळे छोटे फळ चवीला प्रसिद्ध आहे. पण ते पहिल्या पिढीचे संकरित असल्याने त्याच्या बियांतून नाना तऱ्हेची झाडे निघतात. याउलट अमेरिकेतील अलेक्झांडर लिव्हिंग्स्टन याने १८८२ साली प्रसृत केलेला 'गोल्डन क्वीन' किंवा नासपतीच्या आकाराची लहान फळे देणारा जुना 'यलो पेअर' हे वाण आपल्यासारखीच संतती देतात.

मराठीत या संज्ञेसाठी 'वारसा वाण' असा अनुवाद करता येईल. परंतु लोकांच्या तोंडी आधीच एक शब्द आहे : 'गावठी'. भाजीवालीकडे 'गावठी टोमॅटो' मागितला, तर ती पातळ सालीचा, शिरा असलेला, आंबट आणि रसाळ टोमॅटो देते. वरवर पाहता या शब्दप्रयोगात विसंगती आहे, कारण टोमॅटो मुळात या भूमीचा नाही. मिरची, बटाटा, पेरू, काजू यांप्रमाणे तोही बाहेरून आला. तरीही 'गावठी मिरची' आणि 'गावठी टोमॅटो' हे प्रयोग कोणाला खटकत नाहीत. याचा अर्थ असा की 'गावठी' हा शब्द उत्पत्तिवाचक नसून परंपरावाचक आहे. जे बी गावात राखले गेले, हातोहात दिले गेले आणि तेथील माती-पाण्याला सरावले, ते गावठी. वर सांगितलेल्या 'टमाटं' या शब्दाची स्थितीही अशीच आहे : तो परका होता, पण वापराने आपला झाला.

या दृष्टीने पाहता, आज परदेशी पाकिटातून आलेला पिवळा वाण विचुंब्याच्या गच्चीत पहिल्या वर्षी 'वारसा' ठरत नाही. तो आणखी कोणाचा तरी वारसा असतो. येथील हवेत उत्तम टिकलेल्या झाडाचे बी वर्षानुवर्षे निवडले, तरच तो येथला होऊ शकतो.

४. विचुंब्याच्या हवामानात लागवड

कोकणात टोमॅटोचा खरा हंगाम पावसाळ्यानंतरचा. जून ते सप्टेंबर या महिन्यांत सततच्या पावसाने करपा फैलावतो, मुळे कुजतात आणि परागण होत नाही. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत बी पेरावे. ते पाच ते आठ दिवसांत उगवते. २५ ते ३० दिवसांची रोपे कुंडीत किंवा गादीवाफ्यावर लावावीत. पुनर्लागणीनंतर सुमारे ६५ ते ८० दिवसांनी फळे पिकू लागतात. म्हणजे रायगड जिल्ह्यात वालाच्या शेंगांची पोपटी लावण्याचे दिवस येतात, त्याच सुमारास पिवळा टोमॅटो रंग धरू लागतो. हा योगायोग नव्हे. भातानंतरच्या ओलीवर वाल आणि थंड रात्रींवर टोमॅटो, अशी दोघांचीही भिस्त हिवाळ्यावर आहे. रात्रीचे तापमान २१ ते २४ अंशांच्या वर राहू लागले की टोमॅटोची फुलगळ सुरू होते. म्हणून मार्चनंतर लागणाऱ्या फळांवर भरवसा ठेवता येत नाही, आणि उशिरा केलेली पेरणी बहुधा निष्फळ ठरते.

जुने पिवळे वाण प्रायः सतत वाढणारे असतात. त्यांना १५ ते २० लिटर मातीची कुंडी, दीड-दोन मीटर उंचीची काठी आणि दिवसाचे सहा तास तरी ऊन लागते. बगलफुटी काढून एक किंवा दोन खोडे ठेवल्यास हवा खेळती राहते. पाणी नियमित असावे. कधी कोरडे आणि कधी भरपूर असे झाले की पातळ सालीची फळे तडकतात आणि फळाचे बूड काळे पडते. बूड काळे पडणे हा चुन्याच्या वहनातील खंडाचा परिणाम असतो, आणि तो खंड बहुधा अनियमित पाण्यामुळे पडतो.

दोन संकटे विशेष आहेत. पहिले जिवाणूजन्य मर रोगाचे. हिरवेगार झाड एकाएकी कोमेजते. त्याचे खोड कापून स्वच्छ पाण्याच्या पेल्यात उभे धरले असता दुधाळ धागा खाली उतरताना दिसतो. या रोगावर उपाय नाही. झाड मुळासकट काढून टाकावे आणि वांगी, मिरची, बटाटा किंवा टोमॅटो ज्या मातीत होते ती माती पुन्हा या कुळासाठी वापरू नये. कुंडीतील लागवडीचा हा मोठा लाभ आहे की माती बदलता येते. दुसरे संकट पाने आकसविणाऱ्या विषाणूचे. त्याचा प्रसार पांढऱ्या माशीमुळे होतो. आधुनिक संकरित वाणांपैकी अनेकांत त्याला प्रतिकार करणारी जनुके आणलेली आहेत. जुन्या वाणांत ती सहसा नसतात. म्हणून रोपे बारीक जाळीखाली वाढवावीत आणि प्रादुर्भाव झालेले झाड लगेच उपटावे. जुन्या वाणाची चव हवी असेल, तर ही जोखीम पत्करावीच लागते.

टोमॅटोच्या परागकोशाला कंपन मिळाले तरच पराग झडतो. पालन केलेली मधमाशी हे कंपन देऊ शकत नाही; भुंगे आणि निळ्या पट्ट्यांच्या रानमाश्या ते देतात. वरच्या मजल्यावरील गच्चीत त्या क्वचितच येतात. म्हणून सकाळी ऊन चढल्यावर फुलांच्या घोसाला हलकेच टिचकी मारणे उपयुक्त ठरते.

५. बी राखणे

टोमॅटो मुख्यतः स्वपरागित आहे; त्यामुळे बी राखण्यास नवशिक्यालाही तो सोपा पडतो. तरीही जुन्या वाणांत, आणि विशेषतः उष्ण हवेत, स्त्रीकेसराचे टोक परागकोशांच्या बाहेर येते व परपरागणाचा संभव वाढतो. भारतीय बीजप्रमाणीकरणात टोमॅटोच्या पायाभूत बियाण्यासाठी ५० मीटर आणि प्रमाणित बियाण्यासाठी २५ मीटर अंतर विहित आहे. सज्जात इतके अंतर अशक्य आहे. तेथे उमलण्यापूर्वीच घोसावर मलमलीची पिशवी बांधावी, टिचक्या मारून फळधारणा करावी आणि त्या फळांना दोरा बांधून ठेवावे.

येथे पिवळ्या रंगाचा अप्रभावी गुण मदतीला येतो. पिवळ्या फुलोऱ्यावर शेजारच्या तांबड्या वाणाचा पराग पडला, तर त्या बियांतून येणारे पुढच्या पिढीचे झाड तांबडी फळे देते. भेसळ झाल्याचे त्यावरून एका हंगामात कळते. तांबड्या वाणाच्या राखणदाराला ही सोय नाही. त्याच्या वाणात पिवळ्याचा पराग शिरला तरी पुढची पिढी तांबडीच दिसते. मात्र पुरावा इथवरच चालतो. भेसळीच्या तांबड्या झाडाच्या बियांतून तिसऱ्या पिढीत सुमारे एक चतुर्थांश झाडे पुन्हा पिवळी निघतात. ती पिवळी असली तरी मूळ वाण नसतात, कारण आकार, पान, चव आणि वाढ हे गुण विस्कटलेले असतात. तसेच शेजारचा वाणही पिवळाच असेल, तर रंग काहीच सांगत नाही.

बी काढण्यासाठी निरोगी झाडावरील पूर्ण पिकलेली फळे, शक्य असेल तर निदान पाच-सहा झाडांवरची, निवडावीत. गरासकट बी एका भांड्यात काढून दोन दिवस आंबवावे; त्यामुळे बियांवरचे बुळबुळीत आवरण सुटते. कोकणच्या उष्ण हवेत याहून अधिक काळ ठेवल्यास बी भांड्यातच मोड धरते. मग धुऊन, तळाशी बसलेले भरीव बी तेवढे घ्यावे आणि काचेच्या किंवा स्टीलच्या ताटात सावलीत वाळवावे.

खरा शत्रू दमटपणा हा होय. बियांतील ओलावा एक टक्क्याने उतरला तर आयुष्य सुमारे दुप्पट होते, असा हॅरिंग्टनचा प्रसिद्ध ढोबळ नियम आहे. राखेत बी ठेवण्याची जुनी घरगुती पद्धत याच तत्त्वावर उभी होती. आज घट्ट झाकणाच्या बाटलीत तळाशी भाजून गार केलेला तांदूळ घालून, त्यावर कागदी पुडीत बी ठेवले तरी तोच परिणाम साधतो. अशा रीतीने थंड जागी ठेवलेले बी चार-पाच वर्षे उगवण टिकवते. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांना देशी वाणांच्या जतनासाठी २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या कार्याने हे दाखवून दिले की बियांची बँक उभी राहण्यास प्रयोगशाळेच्या आधी घर लागते.

६. नाव आणि नोंद

येथवर सांगितलेली सर्व काळजी एका चुकीने व्यर्थ होऊ शकते : पुडीवर केवळ 'पिवळा टोमॅटो' असे लिहिणे. बियांची देवघेव होताना दोन प्रकारचे घोटाळे होतात. एकाच नावाखाली अनेक वाण जातात आणि एकाच वाणाला अनेक नावे पडतात. शब्दकोशकाराला परिचित असलेले अनेकार्थता आणि पर्यायता हे दोन दोष बागेतही तेवढेच घातक आहेत. शब्दाचा अर्थ संदर्भाने सावरता येतो. बियांचे तसे नाही, कारण बाहेरून सर्व टोमॅटोचे बी सारखेच दिसते. अर्थ कळेपर्यंत एक हंगाम उलटतो.

लागवडीतील वनस्पतींच्या नामकरणासाठी १९५३ पासून आंतरराष्ट्रीय संहिता आहे. तिच्या दंडकानुसार वाणाचे नाव एकेरी अवतरणात लिहितात आणि त्याचा अनुवाद करत नाहीत, लिप्यंतर चालते. म्हणून 'यलो पेअर' हे देवनागरीत तसेच लिहावे. 'पिवळी नासपती' हे बोलण्यातले लाडके नाव म्हणून चालेल, पण नोंदीत मूळ नाव हवे. भारतातील २००१ चा वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा, देवघेवीचा व विकण्याचा हक्क देतो. फक्त संरक्षित वाणाचे बी त्याच्या व्यापारी छापासह विकता येत नाही. या कायद्याखाली वाणाची नोंदणी करावयाची तर त्याला एकच, स्वतंत्र आणि दिशाभूल न करणारे नाव असावे लागते. नाव ही येथे शोभेची बाब नसून कायदेशीर अट आहे. अलिबागचा पांढरा कांदा हे जवळचे उदाहरण. त्याच्या नावात स्थळ, रंग आणि पीक तिन्ही आहेत. गावोगाव राखलेले बी त्या नावामागे उभे आहे आणि त्याला भौगोलिक निर्देशनाची नोंद मिळाली आहे.

प्रत्येक पुडीबरोबर पुढील माहितीची चिठ्ठी असावी : मिळालेले नाव आणि देणाऱ्याने उच्चारलेले नाव, बी कोणाकडून व कोणत्या वर्षी मिळाले, फळाचा आकार व वजन, सालीचा रंग आणि गराचा रंग वेगवेगळे, पान साधे की बटाट्यासारखे, वाढ सीमित की सतत, शेजारी लावलेले अन्य वाण, घोसाला पिशवी बांधली होती की नाही, आणि बी काढल्याची तारीख. यांतील दुसरे कलम भाषाभ्यासकाला विशेष मोलाचे आहे. माणसे बियांबरोबर शब्दही देतात, आणि पनवेल तालुक्यातील आगरी व अन्य बोलींत भाजीपाल्याच्या वाणांसाठी जे शब्द वापरात आहेत, ते शेती उठून गेली की बियांच्याही आधी जातात. शेते घरांखाली जात असलेल्या गावांत हे काम पुढे ढकलण्याजोगे नाही.

तात्पर्य, पिवळ्या टोमॅटोचा जुना वाण टिकविणे म्हणजे केवळ एक रंग टिकविणे नव्हे. रंगाचे कारण ओळखणे, हंगाम साधणे, परागण सांभाळणे, बी कोरडे राखणे आणि नाव अचूक लिहिणे या पाच क्रियांची साखळी अखंड राहिली तरच पुढच्या ऑक्टोबरात पेरलेले बी मागच्या फेब्रुवारीत चाखलेले फळ परत देते. पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी ज्यांना बोलीभाषेचे क्षेत्रकार्य करावयाचे आहे, त्यांनी आपल्या प्रश्नावलीत 'हे बी तुम्हांला कोणी दिले, आणि देताना त्याला काय म्हटले?' हा एक प्रश्न अवश्य घालावा.